चिऱ्यात रुजलेली मुळे

गोव्यात बोन्सायसाठी रानझाड शोधायला निघालेल्या माणसाने सर्वप्रथम रानाकडे पाठ फिरवावी, असे माझे मत आहे आणि वर्षागणिक ते अधिक पक्के होत चालले आहे. उपासमारीत, वारा-उन्हात, मोडतोड सोसत, पण न मरता वाढलेले म्हातारे झाड शोधण्यासाठी आपण डोंगर चढतो, आणि तेच झाड फोंडा, डिचोली किंवा पेडणे तालुक्यातल्या एखाद्या गावात, वारसांच्या वादात कुलूप पडलेल्या घराच्या भिंतीवर उभे असते. राजांगणाच्या, म्हणजे घरातल्या चौकाच्या, कोपऱ्यात, विहिरीच्या कठड्यात, बल्कावाच्या, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओसरीच्या, पायरीखाली, कौले आणि भिंत जिथे भेटतात त्या सावलीच्या पट्टीत वड, पिंपळ, पायर, रुंबड यांची झाडे चिऱ्यांना, म्हणजे जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांना, धरून वाढत असतात. येणाजाणाऱ्यांना ती पडझडीची खूण वाटते. मला तिथे एक-दोन दशकांचा किंवा त्याहूनही जुना इतिहास दिसतो, आणि तो इतिहास लवकरच कुणीतरी कोयत्याने छाटणार आहे हेही दिसते.

हे झाड तिथे येते कसे, ते समजून घेतल्याशिवाय त्याला हात लावू नये. वडा-पिंपळाचे बी मोहरीहूनही बारीक असते. बुलबुल, कोकीळ, धनेश आणि रात्रीची वटवाघळे फळे खातात आणि त्यांच्या विष्ठेतून ते बी भिंतीवर पडते. पहिल्या पावसाचे पाणी त्याला चिऱ्यांमधल्या दरजेत ढकलते. जुन्या घरांच्या दरजांत माती असते किंवा चुना, आणि चिरा स्वतः सच्छिद्र असल्यामुळे पावसाळ्यात पाणी पिऊन बसतो. तेवढ्या ओलाव्यावर रोप उगवते. नंतर ऑक्टोबरपासून मेपर्यंतचे कोरडे महिने येतात, आणि त्या महिन्यांत बहुतेक रोपे मरतात. जी जगतात त्यांनी बहुधा मुळाचा वरचा भाग फुगवून त्यात पाणी साठवलेले असते. इतर झाडांवर किंवा खडकावर आयुष्याची सुरुवात करणाऱ्या वडवर्गीय झाडांची ही जुनी युक्ती आहे, आणि भिंत त्यांच्या दृष्टीने एक उभा खडकच असतो. पुढची कित्येक वर्षे झाड वर वाढत नाही. ते दरजेतून मूळ पुढे सरकवत राहते, कधी खाली जमिनीच्या दिशेने, कधी आडवे, कधी भिंतीच्या पोटात शिरून. पानांचा पसारा हातभर असतो आणि खोड मनगटाएवढे जाड झालेले असते. दोन चिऱ्यांच्या मधल्या फटीत वाढलेली मुळे चपटी होतात, काटकोनात वळतात, पुन्हा एकमेकांना चिकटून एक होतात. असा आकार कुंडीत तारेने वळवून कुणाला करता आलेला मी पाहिलेला नाही.

रोपवाटिकेतले झाड आणि असे मिळालेले झाड यांतला फरक जाडीत नसतो. भरपूर खत-पाणी देऊन मोकळ्या जमिनीत वाढवलेला वड काही वर्षांत जाड होतो, पण त्याची जाडी खालपासून वरपर्यंत सारखी असते, साल गुळगुळीत असते आणि फांद्यांचे सांधे लांब लांब असतात, कारण त्याला कधी थांबावे लागलेले नसते. भिंतीवरच्या झाडाला दरवर्षी थांबावे लागते. घरमालकाने एकदा कापले, गाईने शेंडा खाल्ला, कौल पडून फांदी मोडली, उन्हाळ्यात पाने झडली, आणि प्रत्येक वेळी त्याने खालून नवा डोळा फोडला. म्हणून त्याचे खोड बुंध्याशी जाड, वर निमुळते आणि मधे वळणावळणाचे असते. बोन्साय करणारा माणूस दहा-वीस वर्षे कात्री चालवून जे साधू पाहतो, ते या झाडाकडे आधीच असते. आपल्या वाट्याला आलेले काम एवढेच की ते बिघडवू नये.

जपानमध्ये डोंगरातून झाड आणून ते कुंडीत जगवण्याला यामादोरी म्हणतात, आणि हा शब्द आता जगभरचे बोन्सायवाले वापरतात. तिथल्या एका प्रकरणाचा माझ्या मतावर मोठा परिणाम झाला आहे. जपानच्या समुद्राकडे तोंड करून असलेल्या नीगाता प्रांतातल्या इतोइगावा भागात चुनखडीचे उभे कडे आहेत. त्या कड्यांवर शिम्पाकू जातीचे जुनिपर, एक सदाहरित शंकूवर्गीय झाड, शतकानुशतके वाढत होते. बर्फाच्या ओझ्याने वाकलेले आणि दगड कोसळून सोललेले हे झाड अर्धे मेलेले लाकूड आणि अर्धी जिवंत सालीची पट्टी अशा अवस्थेत जगत असे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांची ख्याती पसरली आणि संग्राहक कमरेला दोर बांधून कडे उतरू लागले. त्यात काहींनी प्राण गमावले. त्यांनी आणलेली झाडे आज जपानमधल्या सर्वांत मोलाच्या बोन्सायमध्ये गणली जातात, पण त्या कड्यांवर मात्र तशी झाडे आता जवळजवळ उरलेली नाहीत. इतोइगावा या नावाने जगभर जे जुनिपर विकले जातात, ते त्या झाडांच्या काड्या लावून वाढवलेले वंशज आहेत. ज्या लोकांनी झाडावर इतके प्रेम केले त्यांनीच त्याचे घर रिकामे केले, हे वाचल्यापासून एखाद्या सुंदर रानझाडासमोर उभा राहिलो की माझा हात आधी मागे जातो.

आपल्याकडे रानातून गोळा करण्याची परंपरा नाही असे मात्र नाही. चतुर्थीची माटोळी हे तिचे सर्वांत देखणे रूप आहे. गणपतीच्या वर बांधलेल्या लाकडी चौकटीला माट्टीची फळे, कवंडळे, घागऱ्या, वाघनखीची फुले, सुपारीचे शिपटे असे किती तरी रानटी आणि परसातले जिन्नस टांगले जातात, आणि चतुर्थीच्या आधी फोंड्याच्या, म्हापशाच्या, पणजीच्या बाजारात सत्तरी-सांगेकडच्या बायका हे सगळे घेऊन बसतात. कोणती वेल कुठल्या डोंगराच्या अंगाला मिळते आणि केव्हा तोडली तर दीड-दोन आठवडे टिकते, हे ज्ञान त्यांच्याकडे आहे. त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. माटोळीसाठी घेतले जाते ते मुख्यतः फळ, फूल, पान आणि घोस. मूळ जागेवर राहते, आणि पुढच्या भाद्रपदात त्याच जागी पुन्हा जाता येते. बोन्साय करणारा माणूस नेमके मूळच मागतो. त्यामुळे माटोळीवालीचा रानावर जो हक्क आहे तो त्याला आपोआप मिळत नाही. त्याने तो वेगळ्या रीतीने सिद्ध केला पाहिजे, आणि माझ्या मते त्याची एकच रीत आहे: झाड जिथे आहे तिथे ते जगणार नाही याची खात्री असली पाहिजे.

कायदाही साधारण हेच सांगतो. अभयारण्यातून आणि राष्ट्रीय उद्यानातून झाड उचलणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे, राखीव वनातून परवान्याशिवाय काही आणता येत नाही, आणि गोव्यात तर खासगी जमिनीतल्या झाडांनाही १९८४ चा वृक्षसंरक्षण कायदा लागू आहे, म्हणून चांगले वाढलेले झाड हलवण्याआधी वृक्ष अधिकाऱ्याला विचारणे हाच सरळ मार्ग होय. कोमुनिदादची, म्हणजे जुन्या गावसंस्थेची सामाईक, जमीन ओसाड दिसली तरी ती मोकळी नसते. देवराईबद्दल मी कायद्याचा विचारही करत नाही. सत्तरीतल्या गावांनी जी राय पिढ्यानपिढ्या काडीलाही हात न लावता राखली, तिथून आपण कुंडीसाठी रोप आणावे ही कल्पनाच मला सहन होत नाही.

खरा मोह होतो तो सड्यावर. जांभ्या दगडाच्या या पठारांवर माती काही ठिकाणी बोटभरही नसते. पावसाळ्यात तिथे पाणी साचते, उन्हाळ्यात दगड पाय भाजेल इतका तापतो, किनाऱ्याजवळच्या सड्यांवर खारा वारा असतो, शिवाय गुरे आणि वणवे आहेतच. तिथली करवंदी, ज्यांच्या फळांना इथे कांटां म्हणतात, गुडघ्याएवढ्या उंचीवर थांबलेल्या असतात आणि त्यांचे बुंधे पाहिले तर वय लक्षात येते. पिटकुळी असते. अंजनी असते, जिचे लाकूड इतके कठीण की काही लोक तिला लोखंडी म्हणतात, आणि उन्हाळ्यात जिच्या निबर फांद्यांना चिकटून निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके येतात. ही झाडे निसर्गाने घडवलेले पूर्ण बोन्साय आहेत, आणि म्हणूनच त्यांना कुंडीची गरज नाही. जांभ्याच्या भेगेत शिरलेले त्यांचे सोटमूळ तोडल्याशिवाय ती निघत नाहीत, आणि अंजनीला तर मुळाचा धक्का मुळीच सोसत नाही असा माझा अनुभव आहे. सड्यावर जाऊन त्यांचा अभ्यास करावा. वारा कुठल्या बाजूने येतो आणि फांदी कुठे वळते, गुरांनी खाल्लेला शेंडा बाजूने कसा फुटतो, एकाच बुंध्यातून किती खोडे निघतात आणि त्यांतले कुठले पुढे सरसावते, हे तिथे बसून काढलेल्या रेखाटनांतून जितके कळते तितके मला कुठल्याही प्रदर्शनात कळलेले नाही.

पण हाच सडा जेव्हा विकला जातो, तेव्हा प्रश्न बदलतो. चिऱ्यांच्या खाणीसाठी, भूखंडांसाठी, रस्त्यासाठी जमीन आखली गेली, सगळ्या परवानग्या झाल्या आणि जेसीबी सोमवारी येणार असे ठरले, की शनिवार-रविवार आपले. मालकाला विचारावे, काय न्यायचे ते दाखवावे, खड्डे बुजवून द्यावेत. अशा जागेवरून आणलेली करवंद मी निःशंक मनाने कुंडीत लावतो. तिथेही सगळे उचलून आणण्याची हाव धरू नये. आपण जेवढी झाडे पुढची काही वर्षे रोज दोन वेळा पाहू शकतो, तेवढीच काढावीत. काढून मेलेले झाड हे न काढता मेलेल्या झाडापेक्षा अधिक वाईट, कारण त्याला आणखी एकदा यातना झालेल्या असतात.

भिंतीवरच्या वडाच्या बाबतीत एक वेगळीच अडचण असते, आणि तीत आपल्या लोकांचे मन दिसते. वड किंवा पिंपळ स्वतःच्या हाताने तोडायला कुणी धजत नाही. ज्या झाडाला वटपौर्णिमेला सूत गुंडाळले, ज्या पिंपळाच्या पाराला नमस्कार केला, त्याच्यावर कोयता घालायचा कसा, हा प्रश्न अगदी खरा असतो. डिचोली तालुक्यातल्या एका घरी मागच्या पडवीच्या भिंतीत वड होता आणि भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर गेली होती. घरच्या काकी मला म्हणाल्या, “मारूंक मन जायना, आनी दवरलो जाल्यार घर मोडटलो. तूं व्हर, पूण जगय हां.” (मारायला मन होत नाही, आणि ठेवला तर घर मोडेल. तू ने, पण जगव हं.) मी म्हटले, “काकी, जगवतलों.” हा शब्द देताना माझ्या छातीत धडधडले होते, कारण असा शब्द दिल्यावर ते झाड केवळ माझे राहत नाही. चीर बुजवायला आलेला गवंडी आणि मी, दोघांनी मिळून ते काढले. त्याला माझ्याहून जास्त घाई नव्हती, आणि चिरा कुठे ठोकला तर शेजारचा ढिला होतो हे त्यालाच ठाऊक होते. पडवीचे दोन चिरे त्याने मला मुळांसकट काढून दिले. भिंतीवरचे झाड काढताना गवंड्याला सोबत घ्यावे असे मी तेव्हापासून सर्वांना सांगतो. झाडासाठी भिंत खिळखिळी करणे हाही अन्यायच आहे.

काळ निवडायचा तो ज्येष्ठ-आषाढाचा. थंड प्रदेशातले पानगळीचे वृक्ष हिवाळा संपताना, डोळे फुटण्याआधी काढतात, आणि बोन्सायवरचा बहुतेक मजकूर त्याच प्रदेशातून आलेला असल्यामुळे आपल्याकडचे नवखे लोक फेब्रुवारीत झाड उपटतात. वडवर्गीय झाडाला उलट हवे असते. ते जोमाने वाढत असताना, हवेत भरपूर दमटपणा असताना काढले तर नवी मुळे लवकर धरते. पहिले दोन चांगले पाऊस झाले, चिरे आतपर्यंत भिजले, दरजेतली माती मऊ झाली, की छिन्नी, हातोडा, पहार आणि धारदार करवत घेऊन निघावे. माती आणि जुना चुना छिन्नीने कोरून काढत मुळाच्या कडेने जावे, मूळ ओढू नये. ओढल्याने साल आतल्या लाकडापासून सुटते, आणि ते नुकसान त्या दिवशी दिसत नाही. भिंतीच्या पोटात गेलेले जाड मूळ करवतीने स्वच्छ कापावे. पांढरा चीक वाहतो, तो ओल्या फडक्याने टिपून सुकू द्यावा. मग उघडी मुळे ओल्या गोणपाटात गुंडाळून त्याच दिवशी लावावीत.

लावण्यासाठी सुरुवातीला बोन्सायची उथळ कुंडी मुळीच वापरू नये. लाकडी खोका किंवा पसरट टोपले घ्यावे आणि त्यात जांभ्याची बारीक खडी, विटांचे तुकडे, जाड वाळू आणि थोडे कुजलेले पानखत एवढेच घालावे. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. लाल माती भरलेल्या कुंडीत या दिवसांत पाणी थांबते, हवा जात नाही आणि कापलेले मूळ टोकाकडून काळे पडत जाते. म्हणून माध्यम असे हवे की वरून ओतलेले पाणी लगेच खालून निघावे. झाड टोपल्याला दोरीने किंवा तारेने घट्ट बांधावे. वाऱ्याने खोड जरा हलले तरी नुकतीच फुटलेली केसासारखी मुळे तुटतात. पाने बहुतेक काढून टाकावीत, फांद्या आखूड कराव्यात, वरून पारदर्शक प्लास्टिकची पिशवी सैल बांधावी आणि सगळे आंब्याच्या किंवा फणसाच्या सावलीत ठेवून द्यावे. करवंदीचे तसे नाही. तिला मातीच्या गड्ड्यासह उचलावे, मुळे धुऊ नयेत, आणि थोडी पाने राहू द्यावीत.

यानंतरचा काळ या साऱ्या उद्योगाचा गाभा आहे, आणि बाहेरच्या माणसाला त्यात काहीच घडताना दिसत नाही. दोन-तीन आठवड्यांत लालसर कोंब येतात. घरातले आनंदतात, पाहुण्यांना दाखवतात. पण हे कोंब खोडात साठलेल्या रसावर आलेले असतात, मुळावर नव्हे. मूळ न धरताच फुटलेले झाड महिनाभर हिरवे राहते आणि गणपती येता येता एका आठवड्यात काळवंडते. कोंब पुढे सरकत राहिले, दुसऱ्या-तिसऱ्या पानांचा आकार पहिल्यापेक्षा मोठा झाला, पान कडक आणि चकचकीत दिसू लागले, म्हणजे खाली काहीतरी घडते आहे असे समजावे. पिशवी एकदम काढू नये, आधी तिला भोके पाडावीत. ऑक्टोबरातले ऊन सर्वांत फसवे, कारण पावसाच्या सावलीला सरावलेले कोवळे पान त्यात करपते. पहिल्या वर्षी कात्री नाही, तार नाही, खत अगदी हलके. दुसऱ्या वर्षीही वडाला मोकळे वाढू द्यावे, कारण वर जेवढी पालवी तेवढे खाली मूळ. शंकूवर्गीय झाडांसाठी जपानी लोक याहून कितीतरी अधिक वर्षे थांबतात. आपल्या उष्ण हवेत काळ कमी लागतो, पण थांबणे चुकत नाही. ज्याला आणलेल्या दिवशीच तार गुंडाळण्याची उर्मी येते, त्याने काही काळ रोपवाटिकेतल्या झाडांवर हात बसवावा, असे मी स्पष्ट सांगतो.

आता आकाराचे. मला तीव्रतेने वाटते की भिंतीवरून आणलेल्या वडाला पाइन वृक्षाचे रूप देऊ नये. बोन्सायचे शास्त्र जपानमध्ये पाइन, जुनिपर, मेपल यांच्या संगतीत वाढले, त्यामुळे त्रिकोणी शेंडा, खाली झुकलेल्या फांद्या आणि त्यांवर ढगांसारखे पर्णपुंज हीच आदर्श मूर्ती मानली गेली. त्या वृक्षांच्या फांद्या बर्फाच्या भाराने झुकतात. गोव्यात बर्फ नाही. इथला वड हात पसरून वाढतो, शेंडा रुंद आणि घुमटासारखा असतो, फांदी आडवी जाते आणि तिला पारंब्या आधार देतात. पावसाळ्यातल्या दमट हवेत कुंडीतल्या वडालाही पारंब्या फुटतात. त्यांना पोकळ नळीतून मातीपर्यंत नेता येते, आणि एकदा जमिनीत टेकल्या की त्या जाड होऊ लागतात. मेलेल्या लाकडाचे सौंदर्य, ज्याला जपानी बोन्सायमध्ये जिन आणि शारी म्हणतात, तेही वडाला सोसत नाही. जुनिपरचे लाकूड कठीण आणि तेलकट असते, ते सोलून गंधकाच्या द्रावणाने पांढरे केले तर दशकानुदशके टिकते. वडाचे लाकूड मऊ असते आणि आपल्या पावसात ते पोखरून जाते. त्यापेक्षा जखम सालीने भरून येऊ द्यावी. वडाची साल जखमेवरून फार सुंदर चढते. करवंदीचे निबर लाकूड मात्र टिकते, म्हणून तिच्या वाळलेल्या फांद्या मी काढून टाकत नाही.

पानांचा प्रश्न उरतो. वडाचे पान सहज वीतभर होते, आणि कितीही पानझड केली तरी ते नखाएवढे होणार नाही. निरोगी झाडाची पाने वर्षातून एकदा, उन्हाळ्यात, देठ ठेवून कापली तर पुढची पालवी लहान येते, पण मर्यादेतच. म्हणून वडाचा बोन्साय मोठाच असावा, दोघांनी उचलावा लागेल एवढा. तळहातावरचा वड मला नेहमी केविलवाणा दिसतो. लहान झाड हवे असेल तर कुंपणातली करवती आहे. तिचे पान लहान आणि खरबरीत, साल फिकट आणि जुनाट, छाटणी सोसण्याची ताकद विलक्षण, आणि थायलंडमध्ये तर खोय या नावाने हीच जात छाटून घडवलेल्या झाडांसाठी फार पूर्वीपासून वापरली जाते. आपल्याकडे कुंपणे पाडून गडगे बांधले जातात तेव्हा ती जळणात जाते.

काकींच्या वडाला मी त्याच पडवीच्या चिऱ्यावर ठेवले आहे. मुळे त्या दगडाला आधीच धरून होती, ती सोडवायची कशाला? पसरट तबकात चिरा उभा केला, मुळांची टोके खाली खडीत सोडली आणि भिंतीतून आलेला काटकोन जसाच्या तसा समोर ठेवला. दगडावर मुळे पसरलेला बोन्साय ही जपानी पद्धत जुनीच आहे, पण तिथे त्यासाठी कठीण, काळपट दगड शोधतात. आपला चिरा मऊ आहे, भोकाभोकांचा आहे, पाणी धरतो, त्याच्यावर शेवाळ आपोआप येते, आणि मुळांची लहान टोके त्याच्या छिद्रांत शिरतात. जांभ्याच्या प्रदेशातल्या वडासाठी याहून योग्य आसन मला सुचत नाही. पाहणाऱ्याला हे झाड कुठून आले ते न सांगता कळते, आणि रानझाडाच्या बोन्सायला माझी पहिली अट तीच आहे. त्या झाडाला घडवणारी जागा त्यात दिसली पाहिजे. तो काटकोन “दोष” म्हणून कापून टाकायला मला एका अनुभवी गृहस्थांनी सुचवले होते. त्यांच्या हाताचे कौशल्य मी मानतो, पण तो काटकोन कापला तर मग ते झाड भिंतीवरून आणायचे कारणच राहत नाही.

ज्या झाडाला धोका नाही, पण ज्याच्यावरून नजर हटत नाही, त्याच्यासाठी गुटी कलम आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला बोटभर जाड फांदीवरची साल दीड-दोन इंच गोल सोलावी, आतला चिकट थर खरवडून काढावा, ओले शेवाळ लावून वरून प्लास्टिक घट्ट बांधावे. पाने वर अन्न तयार करतात, ते सालीतून खाली उतरताना त्या कापाशी अडते आणि तिथे मुळे फुटतात. वडाला ती काही आठवड्यांत दिसू लागतात. मग फांदी खालून कापून लावावी, आणि मूळ झाड होते तिथेच राहते. कोकणातल्या आणि गोव्यातल्या बागाईतदारांना हे काम नवे नाही. फांदी निवडताना मात्र बोन्सायवाल्याची नजर लागते. सरळ, गुबगुबीत फांदी नको, तर वाऱ्याने वळलेली, एकदा मोडून पुन्हा फुटलेली फांदी निवडावी, म्हणजे ते वळण आयते मिळते. घेण्याची ही रीत मला माटोळीच्या सर्वांत जवळची वाटते. अंजनीसाठी मी बियांवर विसंबतो. काळी पिकलेली फळे सड्यावरून मूठभर आणून ताजीच पेरतो. त्यांची रोपे फार हळू वाढतात आणि माझ्या हयातीत ती म्हातारी दिसणार नाहीत, याची मला पूर्ण कल्पना आहे.

त्यामुळे झाड घेताना ते पुढे कोण पाहणार, हाही विचार करावा लागतो. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात १६२५ पासून कुंडीत वाढवलेला एक जपानी पांढरा पाइन आहे. हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाने तो पिढ्यानपिढ्या सांभाळला, ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँब पडला तेव्हा तो स्फोटस्थानापासून सुमारे ३ किलोमीटरवर, बागेच्या भिंतीआड होता आणि वाचला, आणि १९७६ मध्ये मासारू यामाकी यांनी तो अमेरिकेला भेट दिला. चारशे वर्षे कुणीतरी रोज त्याला पाणी घातले आहे. उन्हाळ्यात कुंडीतला वड दोन दिवस पाण्याविना राहिला तर त्याची पाने झडतात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी फांद्या सुकू लागतात, आणि भिंतीवर असताना आठ कोरडे महिने काढणारे तेच झाड इथे असे का वागते याचे उत्तर सरळ आहे: आपण त्याची लांब गेलेली मुळे कापली आणि पाण्याची जबाबदारी स्वतःकडे घेतली. म्हणून माझ्या प्रत्येक झाडाची एक वही आहे. तीत ते कुठून आले, कुणी दिले, केव्हा काढले, कुंडी केव्हा बदलली आणि त्याला काय मानवत नाही हे लिहिलेले असते. शेजारच्या दोन मुलींना पाणी घालायचा नाद लागला आहे, त्या वहीत त्यांच्याही नोंदी असतात, आणि मी गावाला गेलो की झाडे त्यांच्या ताब्यात असतात.

आता एक विनंती. गोव्यात जुनी घरे झपाट्याने पाडली जात आहेत, आणि कंत्राटदार बहुधा पाऊस सुरू होण्याआधी, एप्रिल-मे महिन्यात पाडकाम उरकतो. भिंतीवरच्या वडा-पिंपळासाठी ते सर्वांत वाईट दिवस. तुमच्या घराच्या किंवा विहिरीच्या भिंतीत असे झाड असेल आणि पाडकाम ठरत असेल, तर निदान तो भिंतीचा तुकडा मृगापर्यंत उभा राहू द्या. ते जमत नसेल तर झाडाभोवतीचे चिरे न सोडवता, मुळांसकट एकत्र काढायला गवंड्याला सांगा, सगळे ओल्या गोणपाटात गुंडाळून विहिरीजवळच्या सावलीत ठेवा आणि दिवसातून तीनदा पाणी शिंपडा. चीक असलेले हे झाड तेवढ्यावर काही दिवस तग धरते. गावात रोपवाटिका असेल, कुणी बोन्साय करणारा असेल, तर त्याला त्याच दिवशी बोलवा. कुणीच नसेल तर घराच्या हद्दीबाहेर, पायापासून दूर, मोकळ्या जागेत चिऱ्यांसकट ते पुरा. कुंडीत गेले नाही म्हणून काही बिघडत नाही, त्याला जमीन मिळाली तर ते मोठा वड होईल.